बल्बवाली आणि दादाचा आवाज

जुन्या कॉम्प्युटरच्या बाजारात तिला सगळे बल्बवाली म्हणत. नवख्या माणसाला वाटे, ही बल्ब विकत असणार. पण तिने उभ्या आयुष्यात एकही बल्ब विकला नव्हता. जिन्याखालचं तिचं दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं एकदम शिरली तर एकाने श्वास रोखून उभं राहावं. तिथे बसून ती कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारे डबे, दुरुस्त करायची. फक्त सप्लाय. कुणी दुसरं काही घेऊन आलं तर ती मान वर न करता शेजारी बोट दाखवायची. शेजारी मॉनिटर दुरुस्त करणारा बसायचा, त्याला काचवाला म्हणत.

तिच्या मागच्या भिंतीला एक लांब फळी होती आणि फळीवर मोटारींच्या हेडलाइटचे जुने बल्ब ओळीने बसवलेले होते. दुरुस्त झालेला सप्लाय ती या बल्बांना जोडायची. सगळे बल्ब पेटले, पेटलेले राहिले, सप्लाय फार तापला नाही, तरच तो गिऱ्हाइकाच्या हातात जायचा. थंडीच्या दिवसांत बाजारातले लोक काहीतरी निमित्त काढून तिच्या दुकानाशी रेंगाळत. फळीची ऊब पार रस्त्यापर्यंत यायची.

बल्ब नवऱ्याने आणलेले. तो बसच्या आगारात मेकॅनिक होता आणि एक तार तुटलेले, टाकून दिलेले हेडलाइट घरी आणायचा. बल्बला दोन तारा असतात, एक गेली तरी दुसरी चालते, असं त्याचं म्हणणं. "आपल्या घरासारखंच," तो म्हणायचा. घरात नक्की कोणती तार गेलेली, हे मात्र तो कधी सांगत नसे.

दुकान थाटण्याआधी बरीच वर्षं ती ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात तार गुंडाळायला होती. केसासारखी बारीक तांब्याची तार, गाभ्याभोवती वेढ्याला वेढा लागून. नोकरी लागली तेव्हा घरात कमी आरडाओरडा झाला नाही. काकांनी तर जेवणच सोडलं. पोरीच्या जातीने मशीनवर बसायचं, तेही पाळीची नोकरी, लोक काय म्हणतील. तेव्हा तिचा थोरला भाऊ एकटा तिच्या बाजूने उभा राहिला. दादाने आवाज चढवला नव्हता. त्याला तो चढवावा लागतच नसे. तो एवढंच म्हणाला, की लोकांना जे म्हणायचं ते स्टेशनवर येऊन मला म्हणू देत, मी लाउडस्पीकरवरून उत्तर देईन. काकांनी दुसऱ्या दिवशी जेवण सुरू केलं.

कारण दादा स्टेशनवर गाड्यांची घोषणा करायचा. कोणती गाडी कोणत्या फलाटावर येते, कोणती किती उशिरा, हे सारं गाव त्याच्या तोंडून ऐकायचं. आवाज असा, की उशीर झालेल्या गाडीबद्दलही माणसाला राग येऊ नये. लग्नात त्याला लोक अक्षतांपेक्षा माइकसाठी बोलवायचे.

त्या आवाजालाच दृष्ट लागली. निवृत्तीनंतर वर्ष-दोन वर्षांत घसा बसला तो बसलाच. सर्दी म्हणून काढे झाले, मग तपासण्या झाल्या, मग शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी दादाचा जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला भोक राहिलं आणि घरात पाटी आली.

गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. त्यातून भुंग्यासारखा गुणगुणता आवाज निघायचा. दादाने ते एकदाच बाहेर नेलं. बसमध्ये तिकीट मागितलं तर अख्खी बस वळून बघायला लागली. घरी आल्यावर त्याने ते कपाटात ठेवलं आणि दाराबाहेर पडणंच सोडलं. पाटीवरही तो मोजकंच लिहायचा. चहा. पंखा. झोपतो. बल्बवाली भेटायला गेली की ती बोलायची आणि तो मान हलवायचा. परतताना रस्त्यात तिचे डोळे भरून यायचे. ज्याने तिच्यासाठी चार माणसांत तोंड उघडलं, त्याच्यासाठी तिला काहीच करता येत नव्हतं.

दादाची मुलगी, म्हणजे बल्बवालीची भाची, महाविद्यालयात कॉम्प्युटर शिकवायची. तिने मनावर घेतलं. जुन्या आवाजाचे नमुने पुरेसे असले तर कॉम्प्युटर तो आवाज शिकू शकतो, असं तिला कळलं होतं. माणसाने टाइप करायचं आणि कॉम्प्युटरने त्या माणसाच्या आवाजात बोलायचं. नमुने होते. स्टेशनवर पुढे जेव्हा घोषणा आधीच ध्वनिमुद्रित करून वाजवू लागले, तेव्हा त्या दादाच्याच आवाजात केलेल्या, आणि त्याच्या सरावाच्या कॅसेटी माळ्यावर पडून होत्या. भाचीने असल्या कामाला लागणारी दोन दांडगी ग्राफिक्स कार्डं मिळवली, मोठा सप्लाय घेतला, आणि पुढच्या खोलीत मशीन मांडलं.

मशीन सुरू व्हायचं, छान चालायचं, आणि खरं काम सुरू झालं की फट्कन बंद. ना धूर, ना वास. पुन्हा बटण दाबलं की शहाण्या मुलासारखं सुरू. पुन्हा काम, पुन्हा बंद. भाचीने आणखी मोठा सप्लाय आणला. त्यानेही तेच केलं. दादा आरामखुर्चीतून बघत होता. शेवटी त्याने पाटीवर लिहिलं, "राहू दे. गाडी रद्द." भाची स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि मग तिने आत्याला फोन लावला.

खरं तर तिने आधीच फोन करायला हवा होता, आणि बल्बवालीला ते थोडं लागलंही. पण ही वेळ रुसण्याची नव्हती. ती हत्यारांची पेटी घेऊन गेली, तो दुसरा, मोठा सप्लाय काढला, आणि दुकानात आणून उघडला. सोल्डर स्वच्छ, कॅपॅसिटर टणटणीत, पंखा मोकळा. मग तिने तो फळीला जोडला. सगळे बल्ब लखलखले. दुपार उलटली तरी लखलखतच होते. सप्लायमध्ये खोट नव्हती. तिने भाचीला तसं सांगितलं, सप्लाय परत बसवला, बटण दाबलं, काम सुरू केलं. फट्कन बंद.

आता मात्र तिची पंचाईत झाली. माहेरच्या माणसांसमोर, तेही ज्या एकाच गोष्टीत आपल्याला कळतं असं जग मानतं त्या गोष्टीत, तिला काही सुचेना. वहिनीने तिच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, जाऊ द्या हो, नशिबातच नसेल. बल्बवालीला चहा गोड लागेना. एरवी नशिबावर तिचा विश्वास होता, पण सप्लायच्या बाबतीत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सप्लाय पुन्हा दुकानात आणला आणि काचवाल्याला सगळं सांगितलं. काचवाला तडफदार माणूस. विचार कमी, हात जास्त. त्याने सप्लायचं झाकण काढून आत बोट घातलं आणि उपाय सांगून टाकला. अशा मोठ्या सप्लायमध्ये बारा व्होल्टच्या पिवळ्या तारांचे चार गट केलेले असतात, चार लायनी. करंट येतो एकाच ठिकाणाहून, पण प्रत्येक लायनीवर एक पहारेकरी बसवलेला असतो. लायनीने ठरलेल्या मापापेक्षा जास्त करंट ओढला, की पहारेकरी सगळा सप्लायच बंद करतो. काचवाल्याचं म्हणणं, हे पहारेकरीच नाटकं करतायत. आतून चारही लायनी एकमेकींना जोडून टाक, म्हणजे पहारा संपला आणि कटकट संपली. तो स्वतः कित्येकदा असं करतो.

बल्बवालीला ठाऊक होतं की असं केलं तर मशीन चालेल. आजच्या आज चालेल. तिने सोल्डरची कांडी हातात घेतलीसुद्धा. मग ती थांबली. लायनी जोडलेला एक सप्लाय तिच्याकडे दुरुस्तीला आला होता, ते तिला आठवलं. कुठेतरी एक तार घासून उघडी पडलेली आणि पत्र्याला टेकलेली. तेवढ्या एका तारेतून सप्लायचा सगळा करंट धावला. पहारेकरी असता तर क्षणात बंद झालं असतं. नव्हता, म्हणून तारेचं आवरण वितळून दुसऱ्या तारांवर ओघळलं होतं आणि टेबलाचं लाकूड काळं पडलं होतं. दादाच्या पुढच्या खोलीत पडदे होते, सतरंजी होती आणि ओरडता न येणारा माणूस बसलेला होता. तिने कांडी खाली ठेवली. काचवाल्याला म्हणाली, "आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असलं नको." काचवाला खांदे उडवून आपल्या दुकानात गेला, पण थोड्या वेळाने त्यानेच तिच्यासाठी चहा पाठवला.

भाची संध्याकाळी दुकानात आली. ती पहिल्यांदाच तिथे येत होती. स्टुलावर अंग चोरून बसली आणि बल्बांकडे बघत राहिली. आत्या, हे बल्ब कुठे कुठे जोडलेत, असं तिने सहज विचारलं. बल्बवालीने समजावून सांगितलं. चारही लायनींवर सारखे. पंगतीत वाढतात तसं, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

भाची म्हणाली, "पण आत्या, माझी कार्डं अशी पंगतीत नाही बसत. ती दोन्ही एकदमच ताटावर तुटून पडतात."

तिने घरी आकडे काढून पाहिले होते. काम सुरू होताना दोन्ही कार्डं एकाच क्षणी जोरात करंट ओढतात, मग जरा शांत होतात, मग पुन्हा ओढतात. बंद पडतं ते त्या पहिल्या ओढीलाच.

बल्बवालीने हातातलं काम खाली ठेवलं. मग तिने विचारलं, दोन्ही कार्डांच्या केबली सप्लायच्या कोणत्या सॉकेटात खुपसल्यात? भाचीला ते सांगता येईना. जवळच्या जवळ, शेजारी शेजारी, एवढंच आठवत होतं. केबली नीट दिसाव्यात म्हणून.

बल्बवाली ताडकन उठली. फळीवरचे बल्ब एकेक करून सोडवून ती सगळे भाचीच्या सप्लायच्या एकाच लायनीवर घ्यायला लागली. एक पेटला, दुसरा पेटला, तिसरा, आणखी एक, आणखी एक. अजून एक लावला मात्र, सगळी फळी अंधारली. बाकीच्या तीन लायनींवर काडीचंही ओझं नव्हतं. सप्लायमध्ये ताकद रग्गड शिल्लक होती. तरी सगळं बंद.

अंधारात बल्बवालीला हसू फुटलं. इतकी वर्षं ती सप्लायची परीक्षा घेत होती आणि पेपर नेहमी एकच. चौघींवर सारखं ओझं. खरं जग कुठे असं सारखं वाटून देतं? मोठा सप्लाय आणून उपयोग झाला नाही तो का, तेही आता उघड होतं. मोठ्या सप्लायमध्ये लायनी जास्त होत्या, पण एकेका लायनीचं माप तेवढंच होतं, आणि भाचीने त्यातही दोन्ही केबली शेजारी शेजारीच लावल्या होत्या, एकाच लायनीच्या सॉकेटांत.

त्या तशाच सप्लाय उचलून दादाच्या घरी गेल्या. सप्लायच्या पाठीवर कुठलं सॉकेट कुठल्या लायनीचं हे छापलेलं नव्हतं. बल्बवालीने तो पुन्हा उघडला, प्रत्येक सॉकेट मीटरने पाहिलं आणि लायनीप्रमाणे रंगीत चिकटपट्टीचे तुकडे लावले. एक कार्ड लाल पट्टीवर घेतलं, दुसरं निळीवर, बाकी सगळं पिवळीवर. दादा खुर्ची ओढून जवळ आला होता. काय चाललंय ते त्याला कळेना, म्हणून तिने काम करता करता त्याला सांगितलं. "दादा, दोन गाड्या एकाच फलाटावर सोडल्या होत्या रे."

दादाने पाटी घेतली. बऱ्याच दिवसांत त्याने एवढं लांब काही लिहिलं नव्हतं. "घोषणा करणारा कोण होता? त्याला कामावरून काढा."

भाचीने काम सुरू केलं. पंखे घोंगावले. सगळे त्या डब्याकडे असे बघत होते, की कुणालाही वाटावं आत बाळंतीण आहे. पहिली ओढ गेली. दुसरी गेली. वहिनी देवाचं नाव घेत होती ते मोठ्याने घ्यायला लागली. मशीन चालतच राहिलं.

आवाज शिकायला बरेच दिवस गेले. बल्बवाली रोज दुकान बंद केल्यावर वाटेत डोकावायची, सप्लायला हात लावून बघायची आणि घरी जायची. नवरा म्हणायचा, आजारी माणसाला भेटायला जावं तशी तू त्या डब्याला भेटतेस. एका रविवारी भाचीने सगळ्यांना बोलावलं. दादासमोर की-बोर्ड ठेवला आणि म्हणाली, बाबा, काहीही लिहा.

दादाने बराच वेळ बोटं की-बोर्डवर नुसती ठेवली. मग एकेक अक्षर शोधत लिहिलं. भाचीने बटण दाबलं. आणि खोलीत दादाचा आवाज घुमला. तोच, भरदार, लोकांचा राग घालवणारा.

"कृपया लक्ष द्या. एक कप चहा, साखर कमी."

लिहिताना त्याने 'कृपया लक्ष द्या' लिहिलंच नव्हतं. पण कॉम्प्युटर सगळं स्टेशनच्या घोषणांवर शिकला होता. त्याला वाटलं, माणूस तोंड उघडतो ते असंच. वहिनी पदर तोंडाला लावून रडत होती ती रडता रडता हसायला लागली. दादाच्या तोंडून आवाज निघत नव्हता, पण त्याचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो पोट धरून खुर्चीत मागे रेलला होता. बल्बवालीने त्याला शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग तो दिवसभर टाइप करत बसला. मीठ मागायचं तर फलाट क्रमांक सांगितल्याच्या थाटात. शेजाऱ्याची मांजर आली तर तिच्या आगमनाची घोषणा. संध्याकाळी त्याने जुन्या स्टेशनमास्तरांना फोन लावला, आणि त्यांनाही एक घोषणा ऐकवली.

पण घरातलं बोलणं घोषणेच्या चालीत किती दिवस चालणार? साधं बोलणं शिकवायचं तर साध्या बोलण्याचे नमुने हवेत, असं भाची म्हणाली. वहिनीच्या फोनमध्ये दादाने पूर्वी बोलून पाठवलेले निरोप होते. ते द्यायला ती कां-कूं करत होती. शेवटी दिले, तेव्हा कारण कळलं. त्यातले अर्धे भांडणाचे होते. भाचीने ते सगळे घातले. त्यानंतर दादाच्या आवाजात थोडी चिडचिड आली, थोडा घाईतला श्वास आला, आणि तो खराखुरा दादा वाटू लागला. वहिनी म्हणाली, आता झाला बरा.

पुढची गोष्ट दादानेच काढली. तो महिन्यातून एकदा दवाखान्यात तपासणीला जायचा, तिथे त्याच्यासारखीच शस्त्रक्रिया झालेले लोक बसलेले असायचे, सगळे मान खाली घालून. त्याने तिथे, भाचीने तो आवाज घालून दिलेल्या फोनवर टाइप करून, डॉक्टरांशी मोठ्याने बोलायला सुरुवात केली. बाकावरची माणसं वळून बघायला लागली, पण या वेळी तो गप्प झाला नाही. त्या सगळ्यांचे आवाज तयार करायला डॉक्टरांनी दवाखान्यातली एक रिकामी खोली दिली. भाचीने तिथे दुसरं मशीन मांडलं. सप्लाय बल्बवालीने निवडला, उघडून पाहिला, प्रत्येक सॉकेटाला पट्टी लावली. दुकानातल्या फळीवरही आता तिने बदल केला होता. प्रत्येक बल्ब हव्या त्या लायनीवर नेता येईल अशी बटणं बसवली होती, आणि कुठलाही सप्लाय देण्याआधी ती एकेका लायनीला एकटीला दमवून पाहायची. काचवाला आता लायनी जोडण्याआधी तिला विचारायला यायचा. ती नाही म्हणायची, तो कुरकुरायचा, आणि दोघं मिळून खरा बिघाड शोधायची.

त्या खोलीत पहिली आली ती बालवाडीची एक बाई. घशाची शस्त्रक्रिया होऊन काही महिने झाले होते. शाळेने तिला सांगितलं होतं, हवं तेव्हा या. पण मुलांसमोर गप्प उभं राहायच्या कल्पनेनेच ती गेली नव्हती. तिच्या आवाजाचे नमुने फारच थोडे होते. एका स्नेहसंमेलनाचं चित्रण, त्यात मागे मुलांचा गलका. फोनवरचे चार निरोप. भाचीने आधीच सांगून टाकलं, की यातून फार काही निघणार नाही. बल्बवाली तिथे सप्लायची पाहणी करायला आली होती, ती थांबली.

आवाज तयार झाला तेव्हा तो खरोखरच अर्धामुर्धा होता. थोडा घोगरा, थोडा परका. बाईंचा मुलगा तोंड फिरवून म्हणाला, की ही आई नाही. दादा त्याच्याशेजारी जाऊन बसला, फोनवर काही टाइप केलं, आणि आपल्या आवाजात हळूच म्हणाला, "माझाही सुरुवातीला स्टेशनवरच्या लाउडस्पीकरसारखा निघाला होता. थोडे दिवस दे."

बाईंनी की-बोर्ड जवळ ओढला. त्यांनी पुन्हा टाइप केलं, पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा टाइप केलं ते बालगीताचं पहिलं कडवं होतं. ते ऐकून त्यांनी कागदावर लिहिलं, "चालेल."

सोमवारी त्या शाळेत गेल्या. काय झालं हे जाणून घ्यायला बल्बवालीने दुकानातून दोनदा भाचीला फोन केला आणि दोन्ही वेळा भाचीला काही ठाऊक नव्हतं. दुपारी बाईंच्या मुलाचाच फोन आला. तो शाळेच्या दाराशी उभा राहून बघत होता. आईने फोन टेबलावर ठेवला, टाइप केलं, आणि मुलांना शुभ सकाळ म्हटलं. मुलं फोनकडे बघायला लागली. मग पहिल्या रांगेतली एक छोटी मुलगी हात वर करून म्हणाली, की बाईंना सर्दी झालीय का. बाईंनी मान हलवली, हो. मग मुलगी म्हणाली, माझ्या आईलापण होते, आणि सगळ्यांनी गाणं म्हणायला सुरुवात केली.